सेहेचाळीस ओळी, एकोणनव्वद माणसं

माझ्या मुलीने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम आमच्या शाळेच्या ऑफिसात तीन वर्षांपासून चालतो आहे. त्याला एकच काम येतं. नाव दिलं की तो त्या नावाची चिठ्ठी छापतो, चिठ्ठीला नंबर घालतो आणि शेवटी एकूण किती झाल्या ते सांगतो. मी या शाळेत क्लार्क आहे. चौसाळ्याहून अकरा किलोमीटर आत आमचं गाव. परीक्षेच्या बैठक क्रमांकाच्या चिठ्ठ्या मी आधी हाताने लिहायचो. तीनशे बारा मुलं, पुरे दोन दिवस, आणि एवढं करून दोन-तीन नावं चुकायचीच. मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुट्टीत घरी आली, माझी शाईची बोटं पाहिली आणि एका दुपारीत तिने हे काम यंत्राला लावून दिलं.

या प्रोग्रॅमला नावं देण्याच्या दोन रीती आहेत. काळ्या पडद्यावर त्याचं नाव टाइप करायचं आणि पुढे त्याच ओळीत मुलाचं नाव लिहायचं, ही एक. याला आर्ग्युमेंट म्हणतात. दुसरी रीत म्हणजे नावांची आख्खी फाइल उभ्या रेघेतून त्याच्यात सोडायची. त्या रेघेला पाइप म्हणतात, आणि पाइपमधून आलेलं जिथे पोचतं त्याला स्टँडर्ड इनपुट. मला हे लवकर कळेना. मुलीने मग गिरणीचा दाखला दिला.

"पप्पा, दळण घेऊन गेल्यावर 'बारीक दळा' हे कसं सांगता?"

"तोंडानं."

"आणि ज्वारी? तीपण तोंडानं सांगता का एक-एक दाणा?"

"ती वरच्या डब्यात ओततात."

"झालं तर. सांगायचं ते आर्ग्युमेंट, ओतायचं ते पाइपमधून. चार नावं असली तर सांगा, तीनशे असली तर ओता. सांगितलं तर तो शब्द मोजतो, ओतलं तर ओळ मोजतो. एका ओळीत एक नाव ठेवा, म्हणजे काही होत नाही."

हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. वही अजून आहे. वाक्य लिहिलं म्हणजे ते कळलं असं नसतं, एवढंच.

पहिल्याच आठवड्यात मी नाव न देता आणि फाइलही न जोडता प्रोग्रॅम सुरू केला. पडदा गप्प. मला वाटलं, काम चाललं आहे. मी चहा घेऊन आलो, हजेरीपटाची बेरीज केली, परत पाहिलं, गप्पच. पस्तीस मिनिटांनी तिला फोन लावला. ती हसली नाही, पण तिच्या मागे कोणीतरी हसलं.

"पप्पा, तुम्ही त्याची वाट बघताय आणि ते तुमची. त्याला काही दिलंच नाहीत तुम्ही. ते तक्रार करत नाही, बसून राहतं."

तेव्हापासून मी गप्प पडद्यावर विश्वास ठेवत नाही. गप्प बसलेल्या माणसांच्या बाबतीत मात्र ही अक्कल वापरायचं मला सुचलं नाही. ती गोष्ट त्याच्या पुढच्या दिवाळीची.

आमच्या गावातली बरीच घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. तोडीच्या कामात नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. टोळी किती मोठी असं विचारलं तर कोणी माणसं सांगत नाही, कोयते सांगतो. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे यात काही वेगळं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षी टोळी निघायच्या आधी तोडीला जाणाऱ्यांची तपासणी करायला आरोग्य पथक येणार असं ठरलं. रक्तदाब, रक्तातलं हिमोग्लोबिन, वजन, आणि प्रत्येकाला एक कार्ड. जागा आमची शाळा, कारण सुट्टी होती आणि व्हरांडा मोठा आहे. पथकाची एकच मागणी होती: माणसागणिक नंबर टाकलेली चिठ्ठी तयार ठेवा. ज्याच्या हातात चिठ्ठी, त्याची तपासणी. हे काम माझ्याकडे आलं आणि मला ते आवडलं.

मुकादमाने यादी मोबाइलवर पाठवली. तो टोळीचा म्होरक्या, माझ्याहून चार वर्षांनी लहान, शाळेत असल्यापासून गणितात कच्चा आणि बोलण्यात पक्का. मी यादी कॉम्प्युटरवर घेतली, पाइपमधून सोडली. प्रोग्रॅमने सांगितलं, एकूण चिठ्ठ्या सेहेचाळीस. मी मुकादमाला फोन केला.

"तुमचा आकडा किती?"

"सेहेचाळीस."

"माझाही सेहेचाळीस."

"मंग कावून फोन केला सर? जुळलं की."

जुळलं होतं. मी कागदावर दोन्ही आकडे लिहून खाली रेघ मारली. ताळा जुळला की मी पुन्हा उघडून बघत नाही. ही माझी सवय आहे, आणि तोवर तिने मला कधी दगा दिला नव्हता.

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई आहेत. त्यांना सगळे मावशी म्हणतात. मीही म्हणतो, वास्तविक त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. तोडीच्या पाच महिन्यांत त्यांची सासू त्यांच्या जागी येते आणि त्या नवऱ्याबरोबर कारखान्याकडे जातात. त्या पावसाळ्यापासून मी बघत होतो, हापशावरून दोन घागरी आणताना त्या मधल्या पायरीवर टेकायच्या. आधी टेकत नसत. शिबिराची बातमी आली तेव्हा त्यांनी मला दोनदा तारीख विचारली.

"सर, ते रगत बी बघत्यात का?"

"बघतात."

"मंग बरं. तोडीवर मोळी डोक्यावर घिऊन फळीवर चढावं लागतं ट्रकात. औंदा मला फळी दिसली तरी धाप लागती."

गाड्या शिबिराच्या तिसऱ्या दिवशी निघणार होत्या. म्हणजे त्यांना जे काही कळायचं ते त्याच दिवशी कळायला हवं होतं. एकदा कारखान्याच्या फडावर गेल्यावर पाच महिने कोण कुणाचं रक्त बघतं.

शिबिराच्या दिवशी पथक साडेदहाला आलं. एक डॉक्टरबाई, दोन नर्स आणि गाडीचा चालक. त्यांना तीनला निघायचं होतं, पुढचं गाव बाकी होतं. चिठ्ठ्या मी स्वतः वाटल्या. घरटी एक चिठ्ठी, तिच्यावर दोघांची नावं. नर्सने नंबर पुकारला की माणूस उठायचा, चिठ्ठी द्यायचा, तपासून घ्यायचा. मी ऑफिसच्या दारातून मोजत होतो. गर्दी नाही, गोंधळ नाही. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला वाटलं, आपापल्या माणसाबरोबर आल्या आहेत.

साडेबाराच्या आधीच सेहेचाळिसावा नंबर झाला. नर्सने वही मिटली आणि म्हणाली, "सर, लवकर आटोपलं तुमच्या गावात." मी खूश झालो. पथकासाठी मावशींनी पिठलं-भाकरी केली होती, ती वाढायला त्या व्हरांड्यातून परात घेऊन चालल्या होत्या. दारात थांबल्या. दम घेतला.

"सर, बायांचं दुपारून हाय का?"

"कशाचं?"

"तपासायचं."

"झालं की सगळ्यांचं. तुमची चिठ्ठी नव्हती का? अडतीस नंबर. मीच दिली."

"ती मालकाची झाली. नंबर बोलला, ते उठले, दिऊन आले. आमी म्हणलं, आधी गडी घेतेत, मग बाया. नेहमीचंच हाय ते."

मी यादी उघडली. कागदावर नाही, पडद्यावर, आणि या वेळी आकडा न बघता ओळ बघितली. नवऱ्याचं नाव, मग अधिकचं चिन्ह, मग बायकोचं नाव, मग आडनाव. प्रत्येक ओळीत दोन माणसं. मुकादमाने कोयते लिहिले होते. पाइपमधून सोडल्यावर प्रोग्रॅमने ओळी मोजल्या होत्या. मी फोनवर कोयत्यांचा आकडा ओळींच्या आकड्याशी ताडून पाहिला होता, आणि दोघांत माणूस कोणीच मोजला नव्हता. तीन ओळी अर्ध्या कोयत्याच्या होत्या: दोन एकटे पुरुष आणि एक विधवा बाई. सकाळपासून तपासलेल्या सेहेचाळीस जणांत बाई एकच होती, आणि ती हीच. तिच्या नावाआधी कोणाचं नाव नव्हतं म्हणून.

राहिल्या त्रेचाळीस बाया. सकाळपासून त्या वाट बघत होत्या आणि मी समजत होतो की काम संपलं.

मी डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं की चूक माझी आहे. सारवासारव केली नाही. त्या हात धूत होत्या.

"किती राहिल्या?"

"त्रेचाळीस."

"हिमोग्लोबिनच्या पट्ट्या शंभर आणल्यात, त्या पुरतील. वेळेचं बघा. आम्ही दीडला परत बसतो. चिठ्ठीवर एकच नाव पाहिजे सर, नाहीतर कार्ड कुणाच्या नावाने करायचं? सकाळी आम्ही पहिलं नाव धरलं."

मी मनात हिशेब केला. दोन नर्स, एका माणसाला साधारण चार मिनिटं. त्रेचाळिसाला शहाऐंशी मिनिटं. दीडला सुरू केलं तर तीनला चार मिनिटं कमी असताना संपेल. दीडच्या पुढे गेलेलं प्रत्येक मिनिट यादीच्या शेवटच्या बायांच्या वाट्यातून कापलं जाणार होतं, आणि मावशी अडतिसाव्या ओळीत होत्या.

मुकादम एव्हाना ऑफिसात येऊन खुर्ची ओढून बसला होता.

"हातानं लिवा की सर. त्रेचाळीस तर हायत."

त्याचं खरं होतं. हाताने लिहिल्या असत्या तर पाऊण तास लागला असता. यंत्राने किती वाचवला ते पुढे येईलच. पण एकदा चुकलेल्या हातावर मला त्या दिवशी भरवसा नव्हता. मी मुलीला फोन लावला. ती जेवत होती.

"पप्पा, ओळीऐवजी शब्द मोजायला लावायचं असेल तर एक्सार्ग्ज म्हणून आज्ञा आहे. पाइपमधून आलेलं ती उचलते आणि तोंडी सांगितल्यासारखं पुढे देते. पण थांबा, आधी ओळी कशा आहेत ते..."

मी थांबलो नाही. घाईत होतो. आज्ञा टाइप केली, एंटर दाबलं. प्रिंटर चालू झाला आणि पडद्यावर आकडा आला: एकशे अठ्ठ्याहत्तर.

मुकादमाने ट्रेमधून पहिलं पान उचललं. "ह्या चिठ्ठीवर नुस्तं अधिक हाय सर. ह्याचं बी बीपी बघायचं का?"

आणखी एका चिठ्ठीवर नुसतं आडनाव होतं. यंत्राने प्रत्येक शब्दाला माणूस धरलं होतं. नवऱ्याचं नाव एक, चिन्ह एक, बायकोचं नाव एक, आडनाव एक. त्रेचाळीस चोक एकशे बाहत्तर, आणि अर्ध्या कोयत्यांचे सहा. हिशेब चोख होता. मी प्रिंटरची वायर काढली.

"ऐकलं का मी काय म्हणत होते?" फोनवरून मुलगी.

"ऐकलं. आता सांग."

"ओतायचंच, पण ओतण्याआधी प्रत्येक ओळ अधिकच्या चिन्हावर तोडायची आणि फक्त पुढचा भाग घ्यायचा. कट नावाची आज्ञा आहे. कुठे तोडायचं आणि कितवा तुकडा, हे तोंडानं सांगायचं. यादी पाइपमधून."

या वेळी मी छापलं नाही, फक्त मोजलं. सेहेचाळीस.

सकाळी याच आकड्याने मला फसवलं होतं. आता त्रेचाळीस पाहिजे होते. तीन जास्त. मी यादी वरून खाली वाचली आणि नवव्या ओळीत थांबलो. एकट्या पुरुषाचं नाव तिथे जसंच्या तसं उभं होतं. त्याच्या ओळीत तोडायला चिन्हच नव्हतं, म्हणून कटने त्याला अख्खं पुढे जाऊ दिलं होतं.

"पोरी, ज्या ओळीत चिन्ह नाही ती सोडून दे, असं तिला सांगता येतं का?"

"येतं. एक अक्षर जास्त लिहा. पण पप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

"मोजलं."

त्रेचाळीस आले. मी वायर जोडली. घड्याळात एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. बारा चाळीसला सुरू केलं होतं, म्हणजे यंत्राने बेचाळीस मिनिटं घेतली. हाताने पंचेचाळीस लागली असती. तीन मिनिटं वाचली, आणि ती वाचवण्यात दोन पानं वाया गेली. हेही मी वहीत लिहिलं आहे.

वरच्या दोन एकट्या ओळी गळाल्या, म्हणून मावशींची चिठ्ठी आता छत्तिसावी होती. ती आधी काढून त्यांना पुढे बसवावं असं माझ्या मनात आलं होतं. मी त्यांना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "नका सर. सकाळधरनं समद्याच बसल्यात." मग मी दारात उभा राहून घड्याळ आणि नंबर पाहत राहिलो. पंधरावा नंबर दोन वाजता झाला. विसाव्याला एका म्हातारीच्या बोटातून रक्तच येईना, सहा मिनिटं गेली. तीसच्या पुढे डॉक्टरबाई स्वतः रक्तदाब घ्यायला बसल्या. छत्तीस नंबर पुकारला तेव्हा तीनला सोळा मिनिटं होती.

हिमोग्लोबिन सात पूर्णांक एक आलं. नर्सने दुसऱ्या बोटातून पुन्हा घेतलं. तेवढंच. त्यांच्या नवऱ्याचं सकाळी तेरा आलं होतं.

त्रेचाळिसावा नंबर तीनच्या ठोक्याला झाला, मग डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. बीडला जाऊन पुढच्या तपासण्या, मग काही आठवडे शिरेतून लोहाची औषधं, आणि तोवर डोक्यावर ओझं अजिबात नाही. सरळ शब्दांत सांगितलं. मुकादम मागे उभा होता.

"मंग कोयता अर्धाच की," तो म्हणाला. "तोडशील तू. मोळी कोण उचलंल, मी?"

"तू कधी उचलली बे," नवरा म्हणाला. मावशी पदराच्या टोकाची गाठ सोडत होत्या आणि पुन्हा बांधत होत्या. त्या संसारात बोलायचा माझा अधिकार नव्हता. मी फक्त कार्डावरचा आकडा त्याला मोठ्याने वाचून दाखवला, कारण त्याला अक्षर लागत नाही. आधी त्याचा, मग तिचा. त्याने दोन्ही आकडे पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले.

"तेराला सात," तो म्हणाला. "निम्म्यावर आली की ही." मग मुकादमाकडे न बघता, "अर्धा लिव."

"कारखान्यात जोडी सांगितली हाय मी."

"मंग जोडीला तू चल."

मुकादम माझ्याकडे वळून म्हणाला, "लई महागात पडली सर तुमची चिठ्ठी." त्यात राग होता, पण त्याने खिशातून पेन काढलं, माझ्या टेबलावरच्या यादीतली अडतिसावी ओळ शोधली आणि अधिकचं चिन्ह आणि पुढचं नाव यांवर रेघ मारली. एक ओळ कमी झाली नाही. एक माणूस कमी झाला.

ट्रक ठरल्या दिवशी गेले. मावशी मागे राहिल्या. सासूनेच खिचडी केली, त्या बाजूला बसून तांदूळ निवडायच्या. माघ सुरू झाला तेव्हा फेरतपासणीसाठी चिठ्ठी लागत होती. मी ती प्रोग्रॅमला तोंडी सांगून काढली. पुढे एकच नाव लिहिलं, आडनावासकट, दोन्ही बाजूंनी अवतरण चिन्ह घालून, म्हणजे यंत्र त्याची दोन माणसं करणार नाही. हे मला आता येतं. दहा पूर्णांक दोन आलं.

यंदा मुकादमाने यादी पाठवली ती एका ओळीत एक नाव अशी. मी सांगायच्या आधीच. खाली लिहिलं होतं, "मोजा आता." ब्याण्णव ओळी होत्या. मी त्याला फोन करून आकडा विचारला नाही. यादी छापली, घेऊन वस्तीवर गेलो आणि घरोघर नाव वाचून माणूस समोर पाहून खूण केली. ब्याण्णवच निघाले. दोन संध्याकाळी गेल्या. बायको म्हणाली, मग त्या मशिनचा फायदा काय. मी म्हणालो, मशीन छापतं.

मावशींचं नाव त्यात आहे. त्या यंदा जाणार. पंधरा दिवसांपूर्वी तपासलं तेव्हा आकडा अकराच्या वर होता, आणि जायचं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवलं. शिबिराच्या सकाळी मी चिठ्ठी हातात दिली. त्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत. उजेडाला धरून एकेक अक्षर लावत त्यांनी ती वाचली, मग उलटून मागची बाजू पाहिली.

"नुस्तं माझंच हाय."

"हो."

"मालकाची?"

"त्यांची वेगळी. त्यांच्याकडे दिली."

त्यांनी चिठ्ठीची दुमडून चौकोनी घडी केली, मुठीत धरली आणि व्हरांड्यात जाऊन बसल्या. या वेळी रांगेत, गड्यांच्या अधेमध्ये, जिथे त्यांचा नंबर होता तिथे.